कितवा महिना

१२ डिसेंबर २००६
शेजारच्या अक्कासंगं प्रदर्शनाला गेलते. गर्दी मायंदाळ. भजी बरी, चटणी नुसती खारट. एका स्टॉलवर बाळांचं तेल, पावडर. पोरगी लई गोड. म्हणाली, आजी, घरात बाळ हाय का? म्हटलं, येणार हाय की, सुनंला चौथा लागलाय. मग काय, सांगतच सुटले. सुनीचं नाव, घरचा फोन, तिखटाचे डोहाळे... तिनं समदं लिवून घेतलं. तेलाची बाटली फुकट.
सुनी म्हणाली, “आत्या, पाचव्यापत्तर कुणाला सांगायचं न्हाय ठरलं हुतं की.” म्हटलं, ती पोरगी काय आपल्या भावकीतली हाय?

२० जानेवारी २००७
गेलं. सुनीला दवाखान्यातनं घरी आणली. बाटली कपाटामागं टाकली.

२८ मे
दुपारी फोन. सुनीनं उचलला. कोण बाई म्हणाली, अभिनंदन, मुलगा की मुलगी? सुनी फोन धरून तशीच उभी. मी काढून घेतला.

५ जून
परत फोन. कंपनी दुसरीच, बाळाच्या विम्याची. इचारलं, तुमाला कुणी सांगितलं? म्हणतो, आम्ही नावं इकत घेतो, आजी. म्हटलं, खोडा आमचं. म्हणाला, “आमच्यातलं खोडतो. बाकीच्यांनी घेतलंय, ते कसं खोडू?”
सुनीच्या पोटातली गोष्ट भाजीगत इकली. पयली पाटी मीच उतरवली.
माझ्या लेकाला, दीपकला वाटतंय दवाखान्यातनं फुटलं. डॉक्टरीणबाईंशी भांडायला निघालावता. सुनी म्हणाली, प्रदर्शनात मीच बोलले. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. लेक बायकुवर खेकसला, मी तांदूळ निवडत बसले.

२ डिसेंबर
आज परत फोन. म्हणं, बाळाला वरचं खाणं चालू केलं का? सुनी म्हणाली, “त्यांच्या यादीत ते वाढतंय बघा, आत्या.”

९ मार्च २००८
भांडी घासताघासता सुनीनं कानात कायतरी सांगितलं. मला, पयल्यांदा मला. काय ते हितं बी लिवणार न्हाय.
अक्कानं इचारलं, हसतीस का गं? म्हटलं, दाढ दुखतीया. म्हणाली, दाढ दुखल्यावर कोण हसतंय?
दीपकला त्या बाटलीचं अजून सांगितलं न्हाय. आज सांगणार हुते.
आत फोन वाजला. मी न्हाय उठले, सुनी बी न्हाय. वाजतोय अजून.