थांबा म्हणणाऱ्या दोन घंट्या

बाबा, मी नेमकं काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होते. संगणकातले वेगवेगळे प्रोग्राम आपापली कामं करतात आणि एकमेकांना निरोप धाडतात. कोणी कोणाला, कशानंतर, काय म्हणायचं याचे नियम मी गणितात मांडते आणि त्यांत कुठे घोळ होईल ते शोधते. तुम्ही हसला असतात. तुम्ही कंडक्टर होतात त्या बसमध्ये हे सगळं घंटीच्या एका दोरीवर चालायचं. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. दोरी मात्र पुढपासून मागपर्यंत, ज्याचा हात पोचेल त्याची.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. मी दहा वर्षांची, सुट्टीत तुमच्यासोबत मंगरूळपीरहून निघालेली. मला मागच्या सीटवर बसवून तुम्ही बजावलंत, "दोरीले हात नोको लावजो." पोहरादेवीच्या फाट्यावर यात्रेची गर्दी. तुम्ही खाली उतरून एका म्हातारीचं गाठोडं घेताय, ती अजून पायरीवर आहे, आणि गाडी जराशी सरकते. मी घाबरून दोरी ओढली. एकदाच, थांबा म्हणून. त्याच वेळी पुढे एकजण झोपेतून दचकून उठला. त्यालाही इथेच उतरायचं होतं. त्यानेही ओढली, एकदाच. त्याचा हात मी पाहिला. ड्रायव्हरकाकांना लागोपाठ दोन घंट्या ऐकू आल्या आणि त्यांनी गाडी काढली. म्हातारी तुमच्या पायाशी पडली. तिचं मांडीचं हाड मोडलं.

घरी आल्यावर तुम्ही खाकी शर्ट न काढताच चुलीपाशी बसलात. आई भाकरी थापते आहे, तुमचा आवाज एकदम हळू.

"तू दोरी वढली का? येक डाव का दोन डाव? सांग मले. मी मारत नाई तुले."

"म्या हातच नाई लावला."

तुम्ही आईकडे वळलात. म्हणालात, "ड्रायवर म्हणून राह्यला, दोन वाजल्या. तो खोटं नाई बोलत."

खोटं कोण बोलतंय ते तुम्हाला कळलं होतं. दोन्ही घंट्या मीच वाजवल्या असं तुम्ही धरून चाललात, आणि चौकशीत सांगून आलात, "डबल घंटी म्याच देली." नोकरी गेली. आपल्या वस्तीतली ती पहिली पगाराची नोकरी. विहारासमोर लोक आपल्या पोरांना तुमची खाकी दाखवायचे. तुम्ही शेलूबाजारला जीपांवर पोती चढवायला लागलात, आणि मला साधी टपलीसुद्धा मारली नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी नुसतं "एकच, आणि पुढे त्या माणसाने एक" एवढं म्हटलं असतं, तर तुम्ही तिथल्या तिथे ओळखलं असतं की दोन 'थांब' मिळून एक 'चल' झालं, म्हणजे खोट त्या नियमातच होती. तुम्ही माझ्यापेक्षा हुशार होतात. मला मात्र ते उमगायला इतकी वर्षं आणि एवढं गणित लागलं.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी माझा धीर झाला नसता. गेल्या महिन्यात एका परिषदेत मी हाच घोळ फळ्यावर मांडला: एक दोरी, दोन माणसं, दोन घंट्या. लोकांना फार आवडला. मागून एका मुलीने विचारलं, "मॅडम, असं खरंच कुठे घडलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही गं, मनानेच रचलंय."