चित्र असलेली बेचाळीस खोकी

४ मार्च
घोळ झाला! पॅकिंगचा मुकादम — आम्ही त्याला लाऊडस्पीकर म्हणतो — आज जन्मात पहिल्यांदा कुजबुजला : "बाई, पाकिटं बदलली हो." परदेशी जाणाऱ्या सिगारेटींच्या बेचाळीस खोक्यांत आपल्याकडची पाकिटं गेली. सडलेल्या तोंडाचं चित्र छापलेली! परदेशी पाठवायच्या पाकिटांवर चित्र नसतं. तिकडचा कायदा मागत नाही, म्हणून आपण देत नाही. आणि तपासणीचा शिक्का माझा! एकच खोकं उघडून पाहिलं, बाकीची नुसती मोजली. जहाज गेलंसुद्धा.

५ मार्च
साहेबांना सांगितलं तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर कंपनीची खोली. सकाळी चहात मीठ घातलं. सासूबाई म्हणाल्या, "काय झालंय?" म्हटलं, काही नाही. "म्हणजे बरंच काही झालंय."

११ मार्च
फोन वाजला की धस्स होतं. लाऊडस्पीकरचा आवाज परत आलाय : "एवढं काय घाबरता? चित्र आहे, बॉम्ब नाही!" मग इतकी वर्षं आपण ते त्यांना का दाखवलं नाही? नको, हा विचारच नको.

१९ मार्च
आजही काही नाही. झोप नाही.

२ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. "शिक्का कोणाचा?" "माझा." तिकडचा व्यापारी खवळलाय, लोक पाकिटं परत आणून देतायत म्हणे. मी चाचरत विचारलं, तिकडच्या लोकांना कळलं तर बिघडलं काय? साहेब म्हणाले, "आपण माल पाठवायचा. त्यांच्या लोकांची काळजी त्यांचं सरकार घेईल." मी मान डोलावली. लाज वाटते. पण नोकरीची भीती लाजेहून मोठी आहे, खरं तेच लिहिते.

९ एप्रिल
तिकडच्या एका दवाखान्यातल्या नर्सचं पत्र आलं. खोक्यावरच्या शिक्क्यातला पत्ता पाहून लिहिलेलं. एक माणूस पाकीट हातात घेऊन आला, चित्रावर बोट ठेवलं आणि तोंड उघडून दाखवलं. उशीर झाला होता. शेवटी एकच ओळ : "तुमच्या देशाला हे किती वर्षांपासून माहीत आहे?"
साहेबांनी वाचलं. "फाडून टाक. उत्तर द्यायचं नाही. तू हे विसर, मी तुझी चूक विसरतो."
म्हणजे सुटले! मग पत्र अजून का फाडलं नाही?

१० एप्रिल
लिहिलं — एकोणीस वर्षं. खाली सही केली, हुद्दा घातला, पोस्टात टाकलं. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, भांडी बांधायला घ्या.