तेविसावं नाव

३ मे १९२२, बुधवार
तुदुआलचं नाव नाही! दोनदा वाचलं. पाथरवटाच्या अंगणात स्मारकाचा दगड आडवा पडलाय. आमच्या बंदरातले जे नौसैनिक जमिनीवर लढताना गेले त्यांची नावं — बावीस. माझा भाऊ तेविसावा.
पाथरवट म्हणाला, "यादी मिळाली तशी कोरली बाबा. माझ्यावर कशाला डाफरतोस?"
यादी लांद्रे साहेबांनी दिलेली. लढाईतले आमचेच लेफ्टनंट!

४ मे
आईला सांगितलं. ती सार्डिन मासे साफ करत होती. "असू दे," म्हणाली. असू दे??

६ मे
आम्ही फ्रेंच आरमारातली, जहाजावरची माणसं. चौदा साली महायुद्ध पेटलं तसं आम्हाला उतरवलं, हातात बंदुका दिल्या नि दिक्समूद गावच्या चिखलात उभं केलं. टोपीवरचा लाल गोंडा बघून जर्मन हसायचे — पोरी आल्या म्हणे. खंदक कसा खणतात तेही ठाऊक नव्हतं. तुदुआल म्हणायचा, "मॉदेझ, बोट बुडाली तर पोहता तरी येतं रे!"
दहा नोव्हेंबरला गाव जर्मनांच्या हाती पडलं. पुलाकडे पळताना तो माझ्या शेजारीच कोसळला. साहेब ओरडले, "गेला तो! चल!" निघालो. वीरमरणाचं पत्र आईला साहेबांनीच लिहिलं. त्या पत्राच्या आधारावर मी इतकी वर्षं काढली. आणि आता त्याच हाताने नाव गाळतात?

९ मे
नगरपालिकेत साहेबांना गाठलं. चारचौघांत विचारलं, नाव कुठंय?
साहेब खाली बघत राहिले. "मी शब्द दिलाय, मॉदेझ. मला विचारू नकोस."
"माझा भाऊ भेकड होता का?"
"नाही."
"मग?"
टोपी उचलून आत निघून गेले! यांच्या मागे मी पोटावर सरपटलोय. यांच्यासाठी पायाची तीन बोटं गेली माझी. त्यांच्या दारात थुंकून आलो.

१० मे
गुत्त्यात सगळ्यांनी माझ्याकडे पाठ केली. फक्त गोन्वेल — आमच्याच तुकडीतला — म्हणाला, "सोड ना. दगडच आहे तो." सगळे एकाच माळेचे.

१४ मे, रविवार
अनावरण झालं. बिगूल, झेंडा, पाद्रीबाबा. एकेक नाव वाचलं की लोक म्हणायचे, "फ्रान्ससाठी गेला." बाविसावं संपलं तसा मी ओरडलो — "तुदुआल लगॉफ!" पाद्रीबाबांनी बिगूलवाल्याला खूण केली. आईने बाही ओढली. "गप! पाया पडते तुझ्या, गप!"
घरी आल्यावर ती बोलली. शब्द साहेबांकडून तिनेच घेतला होता. नाव तिनेच काढायला लावलं.
"जिवंत पोराचं नाव मेलेल्यांत घालू?"
तुदुआल हॉलंडला आहे. जर्मनांनी त्याला जखमी असताना उचललं होतं. सुटल्यावर इकडे आलाच नाही, होड्यांवर काम करतो. तीन वर्षं आईला पत्रं येतात — साहेबांच्या पत्त्यावर! तीन वर्षं मी रोज तिच्यासमोर बसून जेवतोय.
"मला का नाही सांगितलंस?"
"त्याचीच अट होती."
"का?"
तिने टेबल पुसायला घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो म्हणतो, मी हाका मारत होतो. मॉदेझने वळून बघितलं, आणि गेला."

१५ मे
बघितलं होतं मी वळून.