ढोलवाल्याचा हात

चामराजपेट, बेंगळूरु
६ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप महानंदाक्कास,
पिराजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

जातं ओढणारी बाई, मान हलवणारा बैल, पिसारा फुलवणारा मोर आणि सहा फुटी ढोलवाला. आमच्या मंडळाच्या गणपतीपुढचा हा हलता देखावा मी या हातांनी केला, कुणी न शिकवता. काल चाचणीत ढोलवाल्याचा हात खांद्यातून तुटून पडला. तुझ्या लेकीमुळे!

रंजिता आणि तिच्या ऑफिसची पोरं यंदा मदतीला आली. मोटार कंप्यूटरवर चालवू म्हणाली, मी ‘सरी, चालेल’ म्हटलं. तर मला न विचारता वेग वाढवला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, पोरं निघून गेली. आता अध्यक्ष विश्वासराव म्हणतात, होसकोट्याहून तयार देखावा भाड्याने आणू. अक्का, मग मी कशाला उरलो? तुझी भावजय गंगव्वा ताट वाढते, मी तसाच उठतो. तूच लेकीला समजाव.

माया कमी करू नकोस.
तुझा पिराजी

निपाणी, ११ ऑगस्ट

चि. पिराजीस अनेक आशीर्वाद.

मला फोनवर ऐकू येत नाही, तुला समोरचं माणूस बोललेलं ऐकू येत नाही. मी रंजितालाच बोलावून घेतलं. रडली रे पोर. तिचं म्हणणं, खांद्यातली चकती झिजलेली, हात पुरता वर जात नव्हता, टिपरू ढोलाला टेकत नव्हतं, म्हणून वेग वाढवला. मामा चिडतील म्हणून बोलली नाही.

चकती तीच होती, की तू काही केलंस? माझं शिलाई मशीन गुपचूप दुरुस्त करून ठेवलं होतंस, आणि मी बोटात सुई घालून घेतली, आठवतं ना? खरं लिही. आणि जेव.

तुझ्या काळजीतली,
अक्का

चामराजपेट, १७ ऑगस्ट

तीर्थरूप अक्कास सा. नमस्कार.

बरोबर ओळखलंस. चाचणीच्या आदल्या दिवशी मीच नवी चकती बसवली. कानशीने घासून, केसाचाही फरक नाही. कुणाला सांगितलं नाही, मी कधीच सांगत नाही. तिने वेग वाढवला, मी हाताची उचल. दोघांनी एकच दुखणं बरं केलं, त्यात गडी गेला.

येलहंक्याला तिच्या घरी गेलो. दारातच विचारते, मामा, ओरडायचं काही राहिलं का? सगळं सांगितलं. म्हणाली, येते, पण मंडळात फळा लावायचा, त्यावर लिहिल्याशिवाय कुणी स्क्रूला हात लावायचा नाही, मामांनीसुद्धा. जड गेलं, तरी सरी म्हटलं.

आता नवा खांदा ती प्लास्टिकचा म्हणते, मी सागवानाचा. फळ्यावर दोन्ही लिहिलंय, ठरत नाही. माझी बोटं थरथरतात, तीही हल्ली तिला दिसतात. चतुर्थी दाराशी आली. जमेल असं वाटत नाही, अक्का. तरी रोज मंडळात जातो.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
तुझा पिराजी

ता. क. विश्वासराव काल घरी आले होते. त्यांनी देऊ केलं आणि मी नको म्हटलं ते असं: मार्गदर्शक म्हणून स्टेजवर खुर्ची, एक शाल, आणि देखाव्याला पुन्हा हात न लावण्याचे एकावन्न हजार एक रुपये.