पात्याचे तीन मिलिमीटर

९ मे

पोचलो एकदाचा नेसविकाला! फेरीबोटीतून उतरतो तोच धक्क्यावर स्टाइनार, मोजे घातलेले दोन्ही हात वर करून ओरडत होता की ऑर्गनवाले आले हो, आता चर्चमधले उंदीरसुद्धा सुरात पळतील! इथे नॉर्वेतच, बर्गनला आम्ही चार वर्षं एका खोलीत राहून ऑर्गन शिकलो. इथला ऑर्गन आजवर तोच वाजवायचा. बोटांचे सांधे गेले म्हणून त्याने सोडला आणि जागेसाठी माझं नाव सुचवलं. राहतं घरही मला दिलं, स्वतः धक्क्याजवळच्या दोन खोल्यांत गेला. तळघरातली टेबल-करवत तेवढी त्याने वेगळ्या कागदावर माझ्या नावाने केली आणि दोनदा सही घेतली. त्याचं सगळंच काटेकोर. संध्याकाळी शेजारच्या ओद्लाउगबाई गरम वॉफल्स आणि तपकिरी चीज देऊन गेल्या. मी खूश आहे.

१२ मे

आज करवतीची शिकवणी. तिच्यासाठी तळघरातल्याच बोर्डावरून वेगळी लाइन ओढलेली आहे. एक्स्टेन्शनवर ही लावायची नाही, वायर तापते, हे स्टाइनारने तीनदा बजावलं. पातं फळीच्या वर दात्याएवढंच काढायचं. बाजूची आधारपट्टी पात्याला अगदी समांतर हवी, नाहीतर फळी अडकून उसळते आणि पोटात बसते, म्हणून उभंही पात्याच्या रेषेबाहेर राहायचं. शेवटचं वीतभर लाकूड काठीने ढकलायचं. पातं बदलताना प्लग काढून डोळ्यांसमोर मेजावर ठेवायचा. मी हातमोजे मागितले तर अंगावरच आला, म्हणाला फिरत्या पात्याजवळ मोजे घालतो तो गाढव! म्हणूनच म्हणे तो स्वतः कापत नाही, दुखऱ्या हातांवरचे मोजे त्याच्याने निघत नाहीत. माझ्या बोटांना मात्र तळहाताच्या फोडासारखा जपतो. पाच फळ्या कापल्या. अगदी लोण्यासारख्या.

१४ मे

गावाच्या होडीघराला नव्या फळ्या घालायच्या आहेत. दुकानाच्या दारावरच्या श्रमदानाच्या यादीत माझ्या नावापुढे 'फळ्या कापणे, साठ' असं लिहिलेलं सापडलं. अक्षर स्टाइनारचं. मला न विचारता? ओद्लाउगबाई म्हणाल्या, अरे बाबा, इथे श्रमदानाला नाही म्हणणाऱ्याची शवपेटी उचलायलासुद्धा कुणी येत नाही. मग काय, दिवसभरात वीस कापल्या.

१७ मे

राष्ट्रीय सण. झेंडे, मिरवणूक, पोरांची तोंडं आइस्क्रीमने बरबटलेली. मी वाजवताना दोनदा चुकलो. माझा डावा हात ताणून दहा पट्ट्या सहज गाठतो, आज नवव्या पट्टीवर अडला. थंडीमुळे असेल. बाहेर ओद्लाउगबाईंनी चिडवलं, काय रे ऑर्गनवाल्या, सकाळीच घेतलीस वाटतं! सगळे हसले. स्टाइनार हसला नाही. माझ्या हातांकडे बघत होता.

२० मे

आज बारा कापल्या आणि एक विचित्र गोष्ट दिसली. पातं तीन मिलिमीटर जाड आहे. कापताना तेवढं लाकूड भुसा होऊन जातं, म्हणून दोन तुकड्यांची बेरीज मूळ फळीपेक्षा कमीच भरते. सुतारकामातली ही पहिली गोष्ट. मी वीस सेंटिमीटर रुंद फळीचे दोन्ही तुकडे मोजले, तर रुंदी पूर्ण वीस सेंटिमीटर. बाराच्या बारा फळ्या मोजल्या. लाकूड कणभरही गेलेलं नाही. मग खाली साठलाय तो भुसा कशाचा? पांढुरका आहे, पिठासारखा. नखं घासल्यावर येतो तसा वास येतोय त्याला.

२१ मे

माझ्या लोकरी हातमोज्यांची टोकं रिकामी लोंबतात. प्रत्येक बोटाला सेंटिमीटरभर.

रक्त नाही, कळ नाही. नखं जागच्या जागी. आजवर सदतीस फळ्या, प्रत्येकीचे तीन मिलिमीटर, भागिले दहा बोटं. गणित जुळतं.

२२ मे

स्टाइनारला बोलावलं. माझे हात बघून त्याने शांतपणे मोजे काढले. त्याच्या पंजांना अर्धी बोटं होती, आणि टोकांना बाळासारखी नवी गुलाबी नखं.

त्याने काही लपवलं नाही. करवत ज्याच्या नावावर, त्याची बोटं खाते आणि आधीच्या मालकाला परत देते. त्याचीही अशीच गेली होती. मी म्हटलं, मग एवढं जपून का शिकवलंस? तर म्हणाला, पात्याने तोडलेलं बोट कुणाच्याच कामाचं नसतं रे.

केसाने गळा कापला माझा. वर सल्लाही दिला, की तूही एखादा मित्र शोध, एक तरी असेलच.

एकच होता.

२४ मे

कापणार नाही असं स्टाइनारला सांगितलं. तो म्हणाला, कुणीही कापलं तरी सही तुझीच आहे.

करवतीचा कागद जाळला. सकाळी पुन्हा खणात, दोन्ही सह्यांसकट.

चर्चमध्ये जाऊन वाजवून बघितलं. नऊ पट्ट्यासुद्धा— तिथेच बसून रडलो.

२६ मे

अंगणात ट्रकभर फळ्या उतरवल्यात. साठ नव्हेत, तीनशे तरी असतील. ओद्लाउगबाई म्हणाल्या, बिचारा स्टाइनार, तुझ्या वाटचं काम करायला तयार झालाय, एवढी माया कोण करतं? मी हात दाखवले. त्या म्हणाल्या, तुझी बोटं आखूडच आहेत की रे, नीट पाहिली नव्हती मी.

२७ मे

तळघराचं दार आतून बंद. करवत चालू आहे. काठी धरण्याइतकी बोटं आली त्याला—

बोर्डही आतच. वीज कशी तोडू—

पळायला गेलो. बाहेरच्या दाराची गोल मूठ हातात पकडताच येत नाही. खिडकीवर बुक्क्या मारल्या. ओद्लाउगबाईंनी पाहिलं, हात हलवला, आणि फळ्यांचं आणखी एक ओझं घेऊन त्या तळघराकडे—

नव्वद मोजल्या. शंभर. पेन दोन्ही तळव्यांत धरून—

मध्येच करवत थांबली. दाराआडून तो विचारतोय की रविवारी कोणती धून आवडेल तुला, तू सांगशील ती मी वाजवी—