पाच चिठ्ठ्यांच्या फरकाबद्दल

मी, युलालिया सुमागायसाय, वय एक्क्याऐंशी, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार सांता क्लारा, इलोइलो प्रांत, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे न लागता हे लिहीत आहे. गुडघे निकामी आहेत. त्यांचा स्मरणशक्तीशी संबंध नाही. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

१. माझा जुना रेडिओ प्रांतिक केंद्राच्या त्या निवेदकाला द्यावा. तो चालत नाही.

२. शिवणयंत्र व कपाट लुडिविना हिला. माझ्याबरोबर बंद डबा घेऊन ती बारा वर्षे उन्हातान्हात घरोघर फिरली. तिच्याशिवाय माझा एकही निवडणुकीचा अंदाज निघाला नसता.

३. राहते घर व मागची आठ नारळाची झाडे धाकटा भाऊ पासिफिको यास. आधी त्याला काहीच ठेवले नव्हते, म्हणून कारण नोंदवते.

निवडणुकीआधी आम्ही सहाशे घरांतून, कोणाला मत देणार याच्या चिठ्ठ्या बंद डब्यात गोळा करायचो आणि मी रेडिओवर अंदाज सांगायचे. कधी चुकला नव्हता. राष्ट्राध्यक्षपदाच्या त्या अटीतटीच्या निवडणुकीत एका बाजूला दोनशे एक्क्याण्णव चिठ्ठ्या निघाल्या, दुसऱ्या बाजूला दोनशे शहाऐंशी. बाकी कोऱ्या. पासिफिको पहिल्या उमेदवाराचा गावातला प्रचारप्रमुख.

"ताई, पुढे आहोत ना आपण? मग तेवढंच सांग."

"पाच चिठ्ठ्यांनी कोणी पुढे नसतं."

"अगं, लोक जिंकणाऱ्याच्याच मागे जातात. तुझ्या एका वाक्याचं काम आहे."

"म्हणूनच ते मी बोलणार नाही."

रेडिओवर मी सांगितले की कोण येईल ते सांगता येत नाही, आणि कोणीही आला तरी ती चोरी समजू नये. निवेदकाने माइक बंद करून विचारले, "बाई, हे ऐकायला बोलावलं का तुम्हाला?" पुन्हा बोलावणे आले नाही. मासळी बाजारात मला घाबरट म्हणू लागले. पासिफिकोने बोलणे टाकले.

मोजणीच्या नवव्या दिवशी दुपारी देशभरचे आकडे फिरले आणि त्याचा उमेदवार मागे पडला. त्याची माणसे रॉकेलचे डबे घेऊन शाळेत आली. आत मतपेट्या होत्या, आणि मोजणीच्या कामावर नेमलेल्या मी व आणखी सहा शिक्षिका. पासिफिको धावत येऊन पायरीवर आडवा उभा राहिला. खिडकीतून मला सगळे ऐकू आले.

"ताईनं आधीच सांगितलं होतं, कोणीही येऊ शकतो. माझ्यासाठीसुद्धा ती खोटं बोलली नाही. हरलोय आपण. डबे खाली ठेवा."

"बहीण आत आहे म्हणून बोलतोस."

"हो, आत आहे. म्हणूनच मोजणी खरी आहे."

मग एकेकाने डबा ठेवला.

पक्षाने त्याला काढून टाकले. आम्ही सोळा वर्षे बोललो नाही; तो अपमानाने, मी हट्टाने. गुडघे गेले तेव्हा तो माशाचे आंबट कालवण घेऊन आला आणि भरतीओहोटीबद्दल बोलत बसला. तेव्हापासून रोज येतो. त्या दुपारचे आभार मी कधीच मानले नाहीत. तोंडावर मानले तर तो उठून जाईल. म्हणून इथे मानते. आम्ही सातजणी त्याच्यामुळे घरी परतलो.

हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. उठून गेला तर अंगणात जाऊन वाचावे.

साक्षीदार: तेओदुला हाविएर, नेमेसियो पारेन्यो, कॉन्सोर्सिया लेग्रामा. पासिफिको वारस असल्याने त्याची सही घेतलेली नाही. मी लिहीत असताना तो शेजारच्या खोलीत मासे साफ करीत आहे.

(सही) युलालिया सुमागायसाय
सांता क्लारा, ११ ऑगस्ट २०१९