बारा जिताडे

फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५७

प्रिय गंगाराम,

तुझं कार्ड होळीच्या आधीच पोचलं होतं. चार ओळींचं कार्ड, त्यातल्या तीन ओळी आईची खुशाली विचारण्यात, आणि चौथी ही अशी. तुझ्या शेटला बंगल्याच्या तलावात मासे सोडायचे आहेत, त्याने तुला विचारलं की एकाच जातीचा मासा एका पाण्यात भरतो नि दुसऱ्या पाण्यात काडीसारखा का राहतो, आणि तू त्याला सांगितलंस, आमच्या गावचा भिकाजी सांगेल, त्याचं नि माझं तळं शेजारी शेजारी होतं. गंग्या, एवढ्या मोठ्या मुंबईत तुला दुसरा कुणी भेटला नाही का विचारायला? खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. कार्ड वाचून मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू मुद्दाम डिवचतो आहेस. मग तुझा स्वभाव आठवला. तुला खरोखरच मासे वाढवायचे असणार. पण नऊ वर्षं ज्या बालंटापायी तू गावात पाऊल टाकलं नाहीस, त्याचं आणि शेटच्या या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, आणि ते माझ्यापाशी आहे.

आठवून बघ. श्रावणात आपण दोघं खारीतल्या भातशेतीच्या पाण्यात जिताड्याची पिल्लं धरायचो, एकाच जाळ्यात, आणि एकाच टोपलीतून निम्मी निम्मी वाटून घ्यायचो. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आतल्या अंगाला आपल्या बापांनी खणलेली दोन तळी, मधे पाच पावलांचं अंतर. माती तीच, पाऊस तोच. आणि दीड वर्षाने तळी उपसली की तुझा जिताडा सात शेरांचा, उचलायला दोन हात लागायचे; माझा दीड शेराचा, डोकं मोठं नि शेपटीकडे नुसता वाळलेला. आमची हौसा म्हणायची, हा मासा आहे की पळी? मालगुंडच्या बाजारात एका बाईने माझा मासा शेपटीला धरून उचलला, हलवून बघितला आणि हसून खाली ठेवला. मीही हसलो. तू दर वेळी मला एक मोठा तुकडा पाठवायचास. तो मी खायचो, आणि तो गोड लागायचा याचा मला जास्त राग यायचा. हे तुला कधी बोललो नाही.

मग मी तुझ्यावर नजर ठेवायला लागलो. भांगाच्या दिवसांत, भरतीला जोर नसताना, तू बांधाच्या उघाडीची, त्या पाण्याच्या दाराची, एक फळी वर काढायचास. खाडीचं थोडं पाणी चरातून तुझ्या तळ्यात यायचं, त्याबरोबर कोळंबी नि बारीक बोय मासे. तू तिथेच बसून एक विडी ओढायचास, विडी संपली की फळी पुन्हा खाली. सगळ्या गावाला हे माहीत होतं. लोक तुझी थट्टा करायचे, गंगाराम माशांना जेवायला वाढतोय म्हणायचे, आणि त्यात कुणाचं वाकडं होत नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं की सगळी गोम त्या पाण्यात आहे. आणि माझी अक्कल पुढे धावली. भांगाच्या चुळभर पाण्याने सात शेरांचा होतो, तर उधाणाच्या पाण्याने दहा शेरांचा का होणार नाही?

सर्वपित्री अमावास्येचा दिवस मी मुद्दाम निवडला, कारण दुपारच्या त्या वेळी एकही पुरुष घराबाहेर नसतो. मी बांधावर गेलो, चर माझ्या तळ्याकडे वळवला, फळी काढली, पाणी भसाभस आत आलं, आणि त्यात चमकणारी बोय बघून मला भान राहिलं नाही. तेवढ्यात हौसाची हाक आली, पान वाढून झालं, कावळ्याला ठेवायला चला. म्हटलं, एवढ्यात येतो. घरी जाऊन बाबांचं पान अंगणात ठेवलं आणि हात जोडून उभा राहिलो. कावळा येईना. समोरच्या माडावर तीन कावळे बसलेले, एकही खाली उतरेना. कावळा पानाला शिवल्याशिवाय जाईन कसा, गंगाराम? हौसा रडायला लागली, मामंजींचं काय राहिलं असेल म्हणून. मी बाबांना नाही नाही ते कबूल केलं, तुळशीची माळ घालीन, मासे खायचे सोडीन. आणि सगळा वेळ बांधाकडे कान. शेवटी कावळा शिवला आणि मी धावत सुटलो, तोवर उघाडीच्या कडेची माती खचून बांधाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं. नऊ घरांचं निसवलेलं भात खाऱ्या पाण्याखाली उभं होतं.

देवळात गावकी बसली तेव्हा तू म्हणालास, मी घरी होतो, वडिलांचं पान वाढत होतो. साक्षीला तुझी आई, आणि आईची साक्ष कोण धरतो? मग मानकऱ्यांनी मला विचारलं, तुझं तळं शेजारी, तू काय बघितलंस? तू माझ्याकडे निर्धास्त बघत होतास. मी म्हणालो, "फळी कोण काढतो ते गावाला ठाऊक आहे." एवढंच एक वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते सगळ्यांना पटलं. नुसता नारळ ठेवून चूक कबूल केली असतीस तर गावाने सोडून दिलं असतं, पण न केलेल्या गोष्टीसाठी तू वाकला नाहीस. तुझं घर वाळीत पडलं आणि महिन्याभरात तू बोटीने मुंबईला गेलास. मला वाटलं होतं, शिमग्यापर्यंत प्रकरण निवेल. असं वाटत वाटत नऊ शिमगे गेले.

तुझ्या आईला, काकीला, विहीर बंद झाली. तेव्हापासून तिची घागर मी भरतो, तुझी पत्रं मी वाचून दाखवतो. गाव कानाडोळा करतो. उलट मलाच म्हणतात, दोस्ती असावी तर भिकाजीसारखी. हे ऐकताना जिवाची लाही होते, पण मी ऐकून घेतो. एकदा मी पाणी ओतत असताना काकी सहज बोलून गेली की तू घरी आणलेल्या पिल्लांतली बाराच तळ्यात ठेवायचास, बाकीची गुपचूप खाडीत परत सोडायचास. बारांना पुरेल एवढंच खाणं तळ्यात असतं, असं तुझं म्हणणं. मी घागर तशीच खाली ठेवली. मी निम्म्या टोपलीतलं एकही पिल्लू न सोडता दीडदोनशे कोंबत होतो. ती एकमेकांना खायची आणि उरलेली उपाशी राहायची. हे तुझ्या शेटला सांग: पाणी कुठलं ते बघण्याआधी मासे मोजावेत. मी नुसतं मोजलं असतं तरी बांध शाबूत राहिला असता.

या शिमग्याला पालखीला खांदा देण्याची पाळी माझी होती. पालखी घरोघर जाते, आणि तुझ्या दारावरून नुसती पुढे जाते, हे तुला ठाऊक आहे. पण काकी दर साली अंगण सारवून, हातात आरती घेऊन पायरीवर उभी असते, हे मी तुला कधी कळवलं नाही. दर साली मी मागे, गर्दीत असायचो. या वेळी पुढे होतो. ती वाकून बघत होती, डोळ्यांना आता कमी दिसतं, पालखी कुठवर आली याचा तिला अंदाज येईना. माझे पाय तिथेच थांबले. मागचे ओरडायला लागले, ढोल थांबला. मी म्हणालो, "बांध माझ्यामुळे फुटला. गंगाराम तिथे नव्हता." पुन्हा एकदा मोठ्याने सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. मग थोरल्या मानकऱ्याने हाताने खूण केली आणि पालखी तुझ्या अंगणात वळली. काकीने ओवाळलं, नारळ दिला. मी तिच्या पायावर डोकं ठेवायला गेलो, तर तिने पाय मागे घेतले आणि हळूच म्हणाली, "पयल्या दिवशी तू घागर घेऊन आलास तवाच मला कळलं. येवढी माया कोनाला उगाच येत नाय." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले असते तर पानी कोनी आनलं असतं?"

परवा गावकी बसली होती. मला काय शिक्षा द्यायची त्यावर पुष्कळ बोलणं झालं आणि शेवटी ठरलं की ते गंगारामने येऊन सांगावं, तो सांगेल ते गाव करील. तुला हे कळवायचं काम गावाने माझ्याच गळ्यात घातलं, आणि ते बरोबरच आहे, म्हणून हे पत्र. तुझ्या घरावरचा बहिष्कार उठला आहे. पाडव्याच्या आत बोटीने ये. काकीची काळजी करू नकोस, आता आळीतल्या बायका तिचं पाणी भरतात. मीही रोजच्यासारखा काल घागर घेऊन गेलो होतो. तिने पायरीवरूनच सांगितलं, तुझं नको. गंग्या, तुला चटकन माफ करून मोकळं व्हायची खोड आहे, ती या वेळी आवर. नऊ वर्षं ती माझ्या हातचं पाणी प्यायली, आणि कुणाच्या हातचं पितो आहोत ते तिला रोज ठाऊक होतं.

तुझ्या निकालाची वाट बघणारा, तुझाच
भिकाजी